हळदीचा पहिला हात

सक्करदरा, नागपूर
१९ जानेवारी २०२५

चि. श्वेता हिस अनेक आशीर्वाद.

खटक-खट, खटक-खट. आज पहाटे या आवाजाने जाग आली. उठून बसलो तेव्हा ध्यानात आलं, की घरातला माग निघून जमाना झाला. त्या खोलीत आता तुझ्या भावाची, सुशीलची मोटारसायकल उभी असते. पण एकेकाळी तिथे तुझ्या बाबाचा, माझ्या ईश्वरदासचा माग चालायचा आणि इकडे ओसरीवर मी सहावीच्या पोरांकडून कविता घोकून घ्यायचो. भुजंगप्रयात असला की त्या ठेक्यावर काय बसायचा! एखाद्या पोराची मात्रा चुकली की आतून ईश्वरदास ओरडायचा, "दादा, तुया पोरानं माहं सूत तोडलं!" पोरं खो खो हसायची. आता ना माग, ना पोरं, ना तो. आवाज तेवढा राहिला माझ्या कानात, म्हाताऱ्याची करमणूक म्हणून.

असो. सुशीलचं नक्की झालं हे तुला कळलंच असेल. तेरा फेब्रुवारीला लग्न, बाराला आपल्या दारी हळद. मुलगी उमरेडची, भूमिका नाव. तिच्याही घरी आजोबांपर्यंत माग होता. तुला सुट्टी मिळणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहीन. कागदावर लिहायचं आणि फोनवर फोटो पाठवायचा, ही तू शिकवलेली युक्ती बरी आहे. तूही तसंच कर. ते टाइप केलेलं मला पत्र वाटत नाही.

मंगलाष्टकं मीच रचतो आहे, शार्दूलविक्रीडितात. सहा झाली. सातवं तुझ्या आईवर आहे आणि तेच अडलं. परवा सिंधू आत्या इतवारीहून आली होती. तिने तुझ्या आईचा, रुखमाचा निरोप दिला: "मी विधवा बाई, माझा हात हळदीला नको, पहिला हात सिंधूताईचा लागू द्या." श्वेता, मला भरून आलं. कुणी न सांगता स्वतःहून मागे सरायचं, ही केवढी थोरवी! समोर जाऊन चार शब्द बोलावेत असं वाटलं. पण मी पडलो तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्याने बोलू नये, तिने समोर येऊ नये, ही आपल्या घरची रीत. नव्या सुना पाळत नाहीत, पण आम्हा दोघांत ती राहिली. म्हणून म्हटलं, बोलता येत नाही ते श्लोकात घालू.

तिसऱ्या चरणात 'त्या मानाला शोभणारी' अशा अर्थाचा एक शब्द हवा आहे. 'योग्य' कोरडा वाटतो. 'लायक' म्हटलं की शिवीच आठवते. 'पात्र' म्हटलं की भांडं. तुमच्या तिकडच्या भाषांत काय म्हणतात? नुसता नाद तरी कळव.

तुझा,
मोठेबाबा


तोरिनो
२१ जानेवारी

मोठेबाबा,

साष्टांग नमस्कार वगैरे पुढच्या पत्रात. आज राग आला आहे.

शब्द मागितला तो आधी देऊन टाकते, तुमचं वृत्त अडायला नको. इथे इटलीत 'देन्यो' म्हणतात. मी जिथे कापडाचे रंग तपासते त्या प्रयोगशाळेत जेवताना सगळ्यांना विचारलं. स्पेनचा मुलगा म्हणाला 'दिग्नो'. पोर्तुगालची बाई 'दिग्नु' म्हणाली, फ्रेंच लोक 'दीन्य' म्हणतात, रुमानियाचे 'देम्न'. सगळी एका लॅटिन आजीची नातवंडं, तिचं नाव 'दिग्नुस'. इंग्रजीतली 'डिग्निटी' याच खानदानातली. घ्या, हवा तो बसवा.

आता दुसरं ऐका. माझी घरमालकीण एका रविवारी मला तिच्या चर्चमध्ये घेऊन गेली. प्रसादाची भाकरी घेण्याआधी तिथे सगळे एका आवाजात म्हणतात, 'प्रभू, मी देन्यो नाही.' मी त्या लायकीचा नाही. बँकेतला साहेब म्हणतो, भाजीवाली म्हणते, खुद्द पाद्री म्हणतो. आणि मग सगळेच्या सगळे रांगेत जाऊन भाकरी घेतात. मला ते फार आवडलं होतं. तुम्हाला कधीतरी लिहायचं म्हणून जपून ठेवलं होतं. तुमचं पत्र वाचलं आणि ती गोड आठवण कडू झाली. आपल्याकडे 'मी लायक नाही' म्हणायला एकाच बाईला उभं करायचं आणि भाकरी बाकीच्यांनी खायची!

काल आईला फोन केला. म्हटलं, आई, तू म्हणालीस का असं? ती म्हणाली, "मी काहून म्हणू वं? तुया मोठेबाबाइनंच सिंधूताईजवळ सांगून पाठवलं, का रुखमानं हळदीले हात लावू नये, लोकाइत बरं दिसत नाही."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? त्याइचं घर. बरं म्हटलं."

म्हणजे नाही तुम्हीच म्हणायचं, आणि तिने मान खाली घातली की तिच्या थोरवीवर श्लोक रचायचा! कमाल आहे, मोठेबाबा. सहावीत तुम्हीच मला शिकवलं होतं, की कविता खोटं बोलत नाही.

बाबा गेल्यावर आईने काय केलं ते तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलं आहे. भिवापूरहून मिरची आणायची, अंगणात कांडायची, पुड्या बांधून इतवारीत नेऊन द्यायची. रात्री तिच्या हातांची आग जायची नाही, थंड पाण्याने भरलेल्या गंजात बुडवून बसायची. त्या पैशावर सुशील शिकला, मी इथवर आले. मिरचीला चालले ते हात हळदीला चालत नाहीत?

ती हळदीच्या आधी भिवापूरला निघून जाणार आहे, हेमराजमामाकडे. "डोयापुढं कायले राहू," म्हणाली. लग्नाला येईन म्हणते, मागच्या रांगेत.

श्वेता


सक्करदरा
२४ जानेवारी

श्वेता,

तुझा तो देन्यो आणि दिग्नो तुझ्याजवळच ठेव! मला नको. मी म्हटलं? मी सांगून पाठवलं? या जिभेने? पन्नास पोरांच्या वर्गात कुणाला कधी 'तू नालायक आहेस' म्हटलं नाही, आणि माझ्या ईश्वरदासच्या बायकोला म्हणेन? तू एवढी शिकलेली, तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही, की 'मोठेबाबा, हे खरं का?' सरळ फैसला! तोरिनोत बसून!

पत्र वाचून रागाच्या भरात ऑटो केला आणि इतवारीत सिंधूच्या घरी गेलो. ती गॅलरीत पापड उलटत होती. मी चप्पलही काढली नाही.

"सिंधू, रुखमानं हळद लावू नये असं मी कधी म्हटलं?"

"नाही म्हटलं."

"अन् तिनं म्हटलं का, का मी लावत नाही?"

"तिनंही नाही म्हटलं."

"मंग?"

"मंग काय? दोघंही तेच म्हणणार होते. म्या तुमचा टाइम वाचवला."

 म्हटलं, "शरम नाही वाटत तुले?"

"मले काहून शरम?" तिने पापड आपटला. "तुमच्या दोघाइच्या मंधात जिंदगीभर पोस्टमन झाली मी. मोठ्या वहिनी जित्या होत्या तोवर त्या, मंग ते श्वेता, मंग मी. मिठाची पुडी पायजे तरी सिंधू, गॅस संपला तरी सिंधू. भिंत हाय मंधात, का समुद्र हाय? जा ना, तुम्हीच इचारा तिले."

"ती रीत आहे."

"हळदीचीही रीतच हाय ना दादा? तुमची रीत ते रीत, अन् माही रीत ते पाप?"

 तिने पाणी आणून दिलं होतं, तो पेला मी गॅलरीतून खाली भिरकावला. खाली हातगाडीवाला होता. तो शिव्या देऊ लागला आणि सिंधू वरून त्याला शिव्या देऊ लागली. माझा राग त्या गोंधळात हरवला.

घरी आलो. भिंतीपलीकडे तुझी आई पेटी ओढत होती, तिचा आवाज येत होता. भिवापूरची तयारी. मी खाकरलो. ओढणं थांबलं. मी पुन्हा खाकरलो. पुढे काय करायचं ते ना मला ठाऊक, ना तिला.

तू तिला फोन कर आणि सांग, की मी तसं काही म्हटलेलं नाही. तिने जाऊ नये. पहिला हात तिचाच. एवढं कर.

मोठेबाबा


तोरिनो
२६ जानेवारी

मोठेबाबा,

नाही करणार.

तुम्हाला न विचारता बोलले, त्याची माफी मागते. पण फोन नाही करणार. मला धड बोलता येत नव्हतं तेव्हापासून मी तुमचे निरोप नेते आहे. तुम्ही जेवायला बसायचात, आई दाराआड उभी. तुम्ही मला म्हणायचात, "श्वेता, आईला सांग भात मऊ झाला." मी मान वळवून सांगायचे. आई म्हणायची, "सांग म्हणा, उद्या मोकळा करीन." मी परत मान वळवायचे. मला तो खेळ वाटायचा.

बाबा गेले त्या दिवशी तुम्ही अंगणात उभे होतात. आई आत. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "आईला सांग, मी आहे." मी आत गेले आणि सांगितलं. ती म्हणाली, "सांग, बरं." मी बाहेर येऊन तेही सांगितलं. मला रडायचं होतं, मोठेबाबा. पण मी कामावर होते.

त्या आत्याचा मला राग येतो, पण ती म्हणाली ते खोटं नाही. भिंत तुमची आहे, आत्या फक्त त्या भिंतीवर हळद फासून गेली.

तुमच्यासाठी अजून एक शब्द आहे, श्लोकात घालायला नाही, नुसता ऐकायला. त्याच घराण्यातून इथे रागाचा शब्द निघाला आहे, 'झ्देन्यो'. इंग्रजीत 'इंडिग्नेशन' म्हणतात, स्पेनमध्येही जवळपास तसंच. जे आपल्या वाट्याला यायला नको होतं ते आलं की माणसाला जो राग येतो, तो हा. आदळआपटीचा नव्हे. शांत बसून येणारा. आपल्याकडे बाईला असा राग आला की लोक विचारतात, 'डोकं दुखते काय वं?'

आईला तो राग आला आहे. सिंधूआत्याचा नाही, तुमचा. काल मीच तिला म्हटलं, की आत्याने मधल्या मध्ये केलं असणार. तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सिंधूताईनं खोटं सांगितलं असन. पण मले ते खरं वाटलं ना, श्वेता. इतकी वर्सं त्याइले भाकर वाढली, तरी मले खरं वाटलं. एक डाव तरी बोलले असते, तं मले समजलं असतं, का हे असं म्हणणार नाहीत."

याच्यावर मी काय निरोप देऊ? ती गेली आहेच, आणि एस.टी. जाते भिवापूरला.

तुमची,
श्वेता


सक्करदरा
१२ फेब्रुवारी, हळदीचा दिवस

चि. श्वेता,

इतके दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही केलं नव्हतं. तुझं पत्र उशीखाली होतं. रोज वाचायचो आणि रोज तुझ्यावर रागवायचो, मग राग सरायचा आणि त्याखाली दुसराच निघायचा.

तुझी आई भिवापूरला गेली, त्यानंतर मी खरंच एस.टी.ने तिकडे गेलो. हेमरावच्या अंगणात मिरचीचा लाल सडा पडलेला, ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. हेमराजने (बघ, हातून नावही चुकतं आहे) पलंगावर बसवलं. दारात पडदा, पडद्याखाली तुझ्या आईची पावलं दिसत होती. मी घरून वाक्य पाठ करून गेलो होतो, "रुखमा, पहिला हात तुझा." चार शब्द. दीर्घ कविता पाठ म्हणणारा माणूस मी. चहा झाला. परत चहा झाला. हेमराज म्हणाला, "बोला गुरुजी, कसं काय येणं केलं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "हेमराज, तिला सांगा म्हणावं..."

पडद्याखालची पावलं आत निघून गेली.

परतीच्या एस.टी.त मला माझाच इतका संताप आला, की शेजारच्या माणसाने जागा बदलली. घरी येऊन सातवं मंगलाष्टक फाडलं. सहाही फाडणार होतो, पण त्यात भूमिकाच्या आजोबांचं नाव आलं आहे, त्यांचा काय दोष?

आज सकाळी अंगणात मांडव सजला. सुशील पाटावर बसला, उघड्या अंगाने. सवाशिणी जमल्या. सिंधू नवं हिरवं लुगडं नेसून हळदीच्या ताटाशी तयार. भटजी म्हणाले, "घरातल्या मोठ्यांनी आज्ञा द्यावी." मी उठलो आणि म्हणालो, "आज्ञा नाही."

माइकवाल्याने गाणं बंद केलं. एवढं शहाणपण कुणाकुणाला असतं.

"या पोराच्या अंगाला पहिली हळद त्याच्या आईची लागेल. नाहीतर लागणार नाही. मी या घरात मोठा, असं तुम्हीच म्हणता ना? तर मोठा म्हणतो आहे."

एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, अपशकून नका करू."

"अपशकून? जिने याला जन्म दिला, जिने याला पोसलं, तिला गावाला धाडून तुम्ही पिवळे व्हायला बसलात, हा शकून आहे?" माझा आवाज चिरकला. वर्गातही मी कधी असा ओरडलो नव्हतो. सुशील मान खाली घालून बसलेला. त्याला म्हटलं, "तू विचारलंस का रे आईला?"

"तुम्हीच नाही इचारलं मोठेबाबा, तं मी कसा इचारू?"

त्याच्याही कानाखाली द्यावीशी वाटली. पण तो खरं बोलला होता. मी खोलीत आलो आणि कडी लावली.

तेव्हापासून इथे बसलो आहे. नवऱ्याची उष्टी हळद उमरेडला गेल्याशिवाय नवरीला लागत नाही, त्यामुळे तिकडून फोनवर फोन येत आहेत. सिंधू दोनदा दाराशी येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, "दादा, नाटक पुरे, बाहेर या." दुसऱ्यांदा म्हणाली, "म्हातारपणी बायकोसारखे रुसून काहून बसले गा? ते भिवापूरची बाई येणार नाही म्हणते, मंग पोराले काय उन्हाळ्यापर्यंत पाटावर बसवता?" मी कडी काढली नाही. सुशीलने हेमराजला फोन लावला असं कळलं. तिकडून फक्त 'बरं' आलं म्हणे.

मला ठाऊक आहे श्वेता, हा रुसवाही सोपाच आहे. चार लोकांसमोर ओरडणं मला जमलं. त्या पडद्यासमोर जमलं नाही. आणि आता पोराच्या लग्नात मीच विघ्न होऊन बसलो आहे. उठायचं तर सिंधूचा हात लागणार, नाही उठायचं तर कुणाचाच नाही. तू असतीस तर काय केलं असतंस? नको, सांगू नकोस. तुला पुन्हा कामाला लावतो आहे.

दार वाजलं. सिंधूची तिसरी फेरी. येऊ दे, उघडणार नाही.

अजून वाजतं आहे. ही सिंधू नव्हे, सिंधू थापेबरोबर बोलतेही. थांब.

श्वेता, दारात तुझी आई उभी आहे. एकटी. डोक्यावर पदर आहे, पण तोंड फिरवलेलं नाही. पायांवर एस.टी. स्टँडची धूळ. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा सरळ असा पहिल्यांदाच पाहतो आहे. ती म्हातारी झाली आहे, हे मला माहीत नव्हतं. मी परत टेबलाशी आलो, कारण काहीतरी धरून उभं राहायला हवं होतं. उभ्यानेच लिहितो आहे.

ती म्हणाली, "गुरुजी." तिच्याजवळ मला मारायची हाक नव्हतीच कधी, मोहल्ल्याचीच उचलली. "गुरुजी, कडी लावून बसाले तुम्ही काय नवरी हाव? माहं पोरगं उघड्या अंगानं कुडकुडून राहिलं. उमरेडची पोर सकायपासून उपाशी हाय."

मी मान फिरवली आणि भिंतीला म्हणालो, "सिंधू, तिला सांग—"

"सिंधूताई नाही इथं. मी हाय. माह्याकडं पाहा."

मी पाहिलं.  हातच तेवढा चालतो आहे.

"काय लिहून राहिले?"

"श्वेताला पत्र."

"मंग लिहा तिले," ती म्हणाली आणि उंबऱ्याच्या आत आली, "का तुई आई भिवापूरहून आली, भासऱ्याच्या समोर उभी हाय, अन् अजून कोणी तिले इचारलं नाही."